वाचकांचे प्रश्न : स्टायरीन, उन्हाळा आणि पत्र्याची शेड

गेल्या महिन्यात या सदरात थिनरच्या साठवणीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे थिनर सोडून फायबरच्या कामातील रेझिन, म्हणजे घट्ट होऊन फायबर बनणारा चिकट द्रव, आणि ते पातळ करणारे स्टायरीन यांविषयीच विचारणारी निघाली. भोसरी, तळवडे, चाकण, पिरंगुट या पट्ट्यात टाक्या, छपरे, गाड्यांचे भाग आणि मूर्ती बनवणाऱ्या शेडांची संख्या पाहता त्यात नवल नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या मागे फायबरच्या टाक्या बनवण्याची शेड आहे. दुपारच्या वेळी गोडसर पण उग्र असा वास घरभर पसरतो. हा वास येतो म्हणजे हवेत पेटणारा वायू आहे, असे शेजारचे म्हणतात. देवघरात निरांजन लावायचीही भीती वाटते.
— एक गृहिणी, भोसरी

उत्तर : निरांजन खुशाल लावा. तुम्हाला येणारा वास स्टायरीनचा आहे आणि आपले नाक या रसायनाच्या बाबतीत फार तिखट असते. हवेच्या दहा लाख भागांत स्टायरीनचा एक भागही नसला, तरी वास जाणवतो. कारखान्यातील कामगाराने आठ तास ज्या हवेत काम करावे तिची आपल्याकडील मर्यादा दहा लाखांत ५० भाग आहे, आणि वाफ पेटण्यासाठी हवेत तिचे प्रमाण सुमारे एक टक्का, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भागांच्या आसपास लागते. तुमच्या देवघरातील हवा आणि पेटणारी हवा यांच्यात एवढे मोठे अंतर आहे. मात्र काही वेळाने नाक या वासाला सरावते, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे समजू नका.

शेडच्या आतली गोष्ट वेगळी आहे. स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत सरकते आणि गटारात, खड्ड्यात, जिन्याखाली साचते. ओतकामाच्या जागेपासून दूर, कोपऱ्यात चहासाठी पेटवलेल्या स्टोव्हपर्यंत ती जाऊ शकते आणि तेथून ज्वाळ उलट पावली ड्रमपर्यंत येते. द्रवाच्या पृष्ठभागावरची वाफ ज्योत जवळ नेताच भडकू शकते, असे किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. स्टायरीनचा तो सुमारे ३१ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे धोक्याच्या दृष्टीने ते रॉकेलच्या पंगतीतले, किंचित अलीकडचे. डिसेंबरातल्या सकाळी उघडे पातेले तितकेसे धोक्याचे नसते, पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीजवळ जातो आणि पत्र्याखाली तो त्याहून वर असतो. तेव्हा शेडमधले प्रत्येक उघडे भांडे फ्लॅश पॉइंटच्या वर असते. त्यात ब्रश धुण्यासाठी ठेवलेल्या ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली २० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे तो पुण्यात बाराही महिने पेटायला तयारच असतो.

आगीची भीती नसली, तरी डोळे चुरचुरणे, डोके दुखणे असा त्रास होत असेल, तर तक्रार जरूर करावी. शेडबाहेर पडणाऱ्या हवेसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे आणि आतल्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले आहे, त्यामुळे 'वासाने काय होते' हे शेडमालकाचे उत्तर पुरेसे नाही.

प्रश्न : माझे फायबर मोल्डिंगचे लहान युनिट आहे. रेझिन पातळ करण्यासाठी स्टायरीन मोनोमर लागते. भाव वाढणार असे कळल्याने मी २०० लिटरचे सहा ड्रम फेब्रुवारीत एकदम घेऊन ठेवले. काम मंदावल्याने चार तसेच पडून आहेत. विशाखापट्टणमची दुर्घटना स्टायरीनमुळे झाली होती, असे एका ग्राहकाने सांगितले तेव्हापासून चैन नाही. आमच्याकडे आगीची सर्व काळजी घेतली जाते, धूम्रपान बंद आहे, वेल्डिंग बाहेर होते. मग भीतीचे कारण उरते का? ड्रममध्ये नायट्रोजन भरून बूच पक्के बसवावे, असा एकाने सल्ला दिला आहे.
— एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : आपल्या पत्रातील 'आगीची सर्व काळजी' हे शब्द वाचून हे उत्तर सविस्तर लिहावे असे ठरवले, कारण स्टायरीनच्या बाबतीत बहुतेक जण येथेच थांबतात. आग बाहेरून लागते. तिला ठिणगी लागते, ज्योत लागते, आणि त्या आपण बंद करू शकतो. स्टायरीनचा दुसरा धोका त्याच्या आतच असतो. ते कोणत्याही ठिणगीविना स्वतःहून तापू शकते.

स्टायरीनच्या रेणूत एक दुहेरी बंध असतो. तो उघडला की एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जातो आणि हजारो रेणूंची साखळी तयार होते. तीच पॉलिस्टायरीन, म्हणजे आपल्या ओळखीचे कडक पारदर्शक प्लॅस्टिक किंवा फुगवून केलेला थर्मोकोल. प्रत्येक जोडणीत उष्णता बाहेर पडते. ती किती, याचा अंदाज असा, की एक किलो स्टायरीनचे पूर्ण पॉलिमर, म्हणजे अशा साखळ्या, झाले, तर बाहेर पडणारी उष्णता दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. आपल्या एका ड्रममध्ये सुमारे १८० किलो माल आहे. ही जोडणी थंड हवेत मुंगीच्या पावलाने चालते, पण तापमान चढले की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता वाढते आणि ती उष्णता पुन्हा वेग वाढवते. साधारण ६५ अंशांच्या पुढे मोठ्या साठ्यात हे चक्र आवरणे फार कठीण होते. स्टायरीन १४५ अंशांना उकळते, त्यामुळे अशा बेलगाम साठ्यातून आधी वाफ सुटते आणि वाट मिळाली नाही तर भांडे फुटते.

हे टाळण्यासाठी कारखान्यातच स्टायरीनमध्ये टर्शरी ब्युटिल कॅटेकॉल नावाचा रोधक घालतात. व्यवहारात त्याला टीबीसी म्हणतात. त्याचे प्रमाण दहा लाखांत १० ते १५ भाग, म्हणजे आपल्या एका ड्रममागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असते. चिमूटभर वस्तूवर १८० किलोंचा संयम टिकलेला आहे. ही चिमूट रोज थोडी थोडी खर्च होते आणि उन्हाळ्यात झपाट्याने खर्च होते. १५ अंशांच्या आसपास ठेवलेला माल साधारण सहा महिने टिकतो, ३० अंशांना तीन महिने, आणि चाळिशीच्या पुढे हीच मुदत आठवड्या-दोन आठवड्यांवर येते. आपले ड्रम फेब्रुवारीपासून आहेत, ही गोष्ट म्हणूनच मला ठिणगीपेक्षा अधिक खुपली.

आता नायट्रोजनविषयी. पेट्रोलजन्य पदार्थांवर नायट्रोजनचे पांघरूण घालतात, हे खरे; तोच न्याय येथे लावण्याचा मोह होतो. पण टीबीसीला आपले काम करण्यासाठी द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. हवा पूर्ण काढून टाकली, तर रोधक असूनही नसल्यासारखा होतो आणि टिकण्याची मुदत महिन्यांवरून दिवसांवर येते. त्यामुळे तो सल्ला मानू नका. ड्रम काठोकाठ न भरता वर हवेला जागा ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणखी एक बारकावा. टीबीसी वाफेबरोबर वर जात नाही. ड्रमच्या किंवा टाकीच्या छताला वाफ थंड होऊन जे थेंब लागतात त्यांत रोधक नसतो, म्हणून तेथे पॉलिमर धरते. जुन्या टाक्यांच्या छताला ते गुहेतल्या लवणस्तंभासारखे लोंबताना दिसते आणि श्वासनळी, म्हणजे टाकीचा व्हेंट, त्यानेच चोंदतो. वाफ बाहेर पडायची वेळ येते तेव्हा दार आधीच बंद झालेले असते.

विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम येथे ७ मे २०२० च्या पहाटे घडले ते याच जातीचे होते. पॉलिस्टायरीन बनवणाऱ्या कारखान्यातील स्टायरीनची मोठी टाकी टाळेबंदीच्या काळात वापराविना पडून होती. आतील द्रव तापत गेला, रोधक अपुरा पडला, आणि सुटलेली जड वाफ झोपेत असलेल्या वस्तीत जमिनीलगत पसरली. १२ माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयांत गेली. तेथे आग लागलीच नव्हती, हे लक्षात घ्या. टाकीच्या वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजण्याची सोय नव्हती, हे चौकशीत पुढे आले. खालचा द्रव थंड दिसत असताना वरचे थर तापलेले असू शकतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात रेल्वेच्या एका टँकरमधले स्टायरीन असेच महिनोन्‌महिने उभे राहून तापले आणि वाफ सोडू लागले, तेव्हा आसपासची वस्ती रिकामी करावी लागली. दोन्हीकडे दोष 'पडून राहण्याचा' होता.

जाता जाता सांगतो, या रसायनाचा हा स्वभाव जन्मापासूनच माहीत आहे. आपल्याकडे धूप-उदबत्तीत वापरला जाणारा शिलारस ज्या जातीच्या झाडापासून मिळतो, त्याच जातीच्या झाडाच्या राळेपासून १८३९ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड सिमॉन या औषधविक्रेत्याने हे तेल प्रथम वेगळे केले, आणि काही काळाने ते आपोआप घट्ट झालेले त्याला आढळले. हवेशी संयोग होऊन असे झाले असावे, असे त्याला वाटले. ते पॉलिमर आहे हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले.

आपण काय करावे? चारही ड्रमवरील उत्पादनाची तारीख पाहा आणि पुरवठादाराकडून टीबीसीची पातळी तपासून घ्या. कमी असेल तर त्याच्या देखरेखीखाली ती वाढवता येते. ड्रम उन्हापासून आणि पारदर्शक पत्र्याखालून हलवून सावलीत, शक्य तर २५ अंशांखाली ठेवा. छताला पांढरा रंग देणे, पत्र्यावर पाणी मारणे हे जुनेच उपाय येथेही चालतात. गंजके भांडे, तांब्या-पितळेची तोटी आणि जोड वापरू नका, कारण गंज पॉलिमर धरण्यास मदत करतो आणि तांबे रोधकाशी जुळत नाही. आम्ल आणि पेरॉक्साइड यांच्या जवळपासही हा माल नको.

रोज सकाळी ड्रमच्या अंगाला हाताची मागची बाजू लावून पाहण्याची सवय लावा, म्हणजे जसे आपण तापलेल्या मुलाचे कपाळ पाहतो तसे. चार ड्रम एकाच सावलीत असताना एक इतरांपेक्षा उबदार लागला, तर ते हवेचे तापमान नव्हे. चांगले स्टायरीन पाण्यासारखे पातळ आणि स्वच्छ असते. स्वच्छ कोरडी काच बुडवून काढल्यावर ते एकतारी पाकासारखे ओघळू लागले, तर साखळ्या तयार होऊ लागल्या आहेत. या अवस्थेत ड्रम थंड असेल, तर पुरवठादाराला त्याच दिवशी बोलवा. ड्रम गरम असेल, फुगला असेल, बुचाजवळ सूं-सूं आवाज येत असेल, तर तो उघडायचा नाही आणि हलवायचाही नाही. माणसे वाऱ्याच्या उलट दिशेला काढा, १०१ वर कळवा, आणि 'आग नाही, स्टायरीनचा ड्रम आतून तापला आहे' हे शब्द आवर्जून सांगा, म्हणजे येणारे लोक त्या तयारीने येतील. लांबून पाण्याचा फवारा मारून ड्रम बाहेरून गार करणे हे त्यांचे काम आहे.

आणि भाव वाढणार असला, तरी उन्हाळ्याच्या तोंडावर साठा करू नका. वाचलेले पैसे या चार ड्रमनी केव्हाच खाल्ले आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या देखाव्यासाठी आम्ही कार्यकर्तेच फायबरचे काम करतो. गेल्या वर्षी सकाळी कालवलेले रेझिन जेवणाच्या सुट्टीत बादलीत तसेच राहिले. परतलो तर बादलीतून पांढरा धूर येत होता आणि बादलीचा तळ वितळला होता. कोणी काडी टाकली असावी, असे आमचे म्हणणे पडले. खरे काय?
— एक कार्यकर्ता, नारायण पेठ

उत्तर : काडी कोणी टाकली नाही. रेझिनमध्ये साधारण ३० ते ४५ टक्के स्टायरीनच असते. तुम्ही ज्याला हार्डनर म्हणता ते मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, म्हणजे एमईकेपी, घातल्यावर ड्रममध्ये महिने लागणारी तीच जोडणी काही मिनिटांत होते. काचतंतूंच्या मॅटवर पातळ थर पसरला असेल, तर उष्णता हवेत निघून जाते आणि हाताला नुसता कोमट लागतो. तेच पाच किलो रेझिन बादलीत एकगठ्ठा राहिले, की मधली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. ते प्रथम जेल धरते, मग पिवळे पडून तडकते, धुमसते आणि कधी पेटतेही. मी स्वतः वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका शेडमध्ये अशा बादलीला तडा जाताना ऐकले आहे; तो आवाज सुपारी फोडल्यासारखा असतो. तेवढेच कालवा जेवढे जेल धरण्याआधी संपेल, आणि उरलेच तर ते पत्र्यावर किंवा मातीवर पातळ पसरून मोकळ्या जागेत सोडा. कचऱ्याच्या डब्यात नको, कारण तेथे लागलेली आग रात्री कळते.

याहून मोठी चूक दुसरी आहे. घट्ट होणे लवकर व्हावे म्हणून जे जांभळट कोबाल्ट घालतात, ते आणि एमईकेपी परस्परांत थेट कधीही मिसळू नका. एका मापाच्या भांड्यातून दोन्ही मोजू नका, एका फळीवर शेजारी ठेवू नका. दोन्ही सरळ भेटले, तर मिश्रण भडकून उसळते. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, आणि त्यानंतरच हार्डनर. एमईकेपी ॲसिटोनने पातळ करण्याचा उद्योगही कोणी करू नये, कारण त्यातून स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकते. सांडले तर लाकडाच्या भुशाने किंवा चिंध्यांनी न पुसता कोरड्या वाळूने उचलावे. आणि एक थेंबही डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आधी, मग बाटलीचे झाकण. थेंब गेलाच, तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहावा आणि लगेच डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत.

प्रश्न : भंगारवाल्याकडून रेझिनचा रिकामा ड्रम स्वस्तात मिळाला. गॅस कटरने वरचे झाकण कापून पाण्यासाठी वापरायचा विचार आहे. रिकाम्या ड्रमला काय धोका?
— एक वाचक, पिरंगुट

उत्तर : भरलेल्यापेक्षा जास्त. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात दोनशे लिटर हवा असते आणि तळाशी, शिवणीत चिकटलेला थोडा माल. हिशेब करून पाहा. दोनशे लिटर हवेत एक टक्का वाफ होण्यासाठी केवळ नऊ-दहा ग्रॅम स्टायरीन लागते, म्हणजे चहाचे दोन चमचे. कटरची ज्योत टेकताच पत्रा तापतो, चिकटलेला माल वाफ होतो, आणि पेटवायला ज्योत तेथेच हजर असते. झाकण गोळीसारखे उडते. 'पाण्याने धुतला आहे' हे पुरेसे नाही, कारण स्टायरीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ग्राइंडरच्या ठिणगीलाही हेच लागू. शिवाय धुऊनही अशा ड्रममधले पाणी पिण्यायोग्य नसते, म्हणून तो घेऊच नका. आधीच घेतला असेल, तर न कापता परत करा.

प्रश्न : थर्मोकोलही स्टायरीनचाच असेल, तर तोही आपोआप तापतो का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : नाही. साखळ्या जुळून झाल्या आहेत, उष्णता कारखान्यातच देऊन झाली आहे, त्यामुळे तो धोका संपला. पेटण्याचा मात्र संपलेला नाही. थर्मोकोल आधी वितळतो, मग जळते थेंब खाली टपकतात आणि काळा दाट धूर होतो, म्हणून हॅलोजनच्या दिव्याजवळ त्याची कमान लावू नये. ताज्या ठोकळ्यांतून फुगवण्यासाठी वापरलेले पेंटेनही काही दिवस सुटत असते. बंद गोदामात ते साचू देऊ नये. राज्यातील २०१८ च्या बंदीनंतर सजावटीतला थर्मोकोल कमी झाला आणि त्याची जागा काही ठिकाणी फायबरने घेतली. पक्के झालेले फायबरही पेटते, एवढे ध्यानात असू द्या.

प्रश्न : शेडमध्ये कोणते अग्निशामक ठेवावे? आमच्याकडे पाण्याच्या बादल्या आणि वाळू आहे.
— एक पर्यवेक्षक, तळवडे

उत्तर : वाळू राहू द्या, सांडलेल्या द्रवाभोवती बांध घालायला ती कामाची आहे. जळत्या स्टायरीनवर पाण्याची धार मारू नका. ते पाण्याहून हलके असल्याने तरंगत जळते आणि पाण्याबरोबर आग शेडभर पसरते. लहान आगीसाठी कोरड्या पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे, मोठ्या आगीसाठी फेसाचे साधन हवे. ॲसिटोनही असेल, तर फेस अल्कोहोल सोसणारा आहे का, हे पुरवठादाराला विचारा, कारण साधा फेस ॲसिटोनवर विरून जातो. पाणी शेजारचे ड्रम गार ठेवण्यासाठी वापरावे. माल ओतताना दोन्ही भांडी तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडलेली असावीत, कारण वाहत्या स्टायरीनमध्ये स्थिर विद्युत साचते आणि तिची ठिणगी दिसतही नाही. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ टांगा. मागच्या भिंतीला टांगले, तर आग लागल्यावर तेथपर्यंत पोहोचायला आगीतूनच जावे लागेल.